व्हिएन्नाचें पाणी आणि अरण्य

व्हिएन्नाचें नांव निघालें कीं संगीत व राजवाडे डोळ्यांपुढें उभे राहतात. पण त्या राजधानीचें खरें वैभव तिच्या नळाच्या पाण्यांत आणि पश्चिमेकडील अरण्यांत आहे. आणि हीं दोन्ही तिला भांडून मिळवावीं लागलीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील बहुसंख्य लोक घरच्या विहिरींवर विसंबून असत, आणि पटकी व विषमज्वर त्यांचा पिच्छा सोडीत नसत. शहराखालची दूषित जमीन विहिरींस कशी बाधते, हें एडुअर्ड झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञानें १८६२ सालीं ग्रंथ लिहून दाखविलें. ग्रंथ लिहून स्वस्थ बसण्याची विद्वानांची रीत त्यानें पाळली नाहीं. पुढच्याच वर्षीं तो नगरसभेंत शिरला. आल्प्समधील झऱ्यांचें पाणी सुमारें ९५ किलोमीटर केवळ उताराच्या बळावर आणावयाची त्याची योजना अनेकांस वेडगळ वाटली. १८७३ च्या उन्हाळ्यांत पटकीनें पुन्हां थैमान घातलें; त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला श्वार्झेनबर्ग चौकांतील कारंजें उडालें. पुढें विषमज्वराचा जोर ओसरत गेला.

अरण्याची कथा याहून विलक्षण. १८६६ च्या प्रशियाकडील पराभवानंतर रित्या तिजोरीला हात देण्यासाठीं सरकारनें ‘व्हीनरवाल्ड’ या अरण्याचा मोठा भाग विकावयास काढला. त्याविरुद्ध योझेफ श्योफेल या माजी सैनिकी अधिकाऱ्यानें १८७० पासून वृत्तपत्रांत लेखांमागून लेख लिहिले. त्याला आमिषें दाखविलीं, न्यायालयांत खेंचलें. पण त्याची लेखणी थांबली नाहीं. १८७२ सालीं सरकारनें माघार घेतली. एका लेखणीनें एवढें वन वांचविल्याचीं उदाहरणें इतिहासांत फार नाहींत.

१९०५ सालीं नगरसभेनें शहराभोंवतीं वनें व कुरणें यांचा पट्टा राखण्याचें ठरविलें. तेव्हांचा महापौर कार्ल लुएगर. ज्यूद्वेष चेतवून मतें मिळविणाऱ्या या माणसाच्याच हातून हें सत्कृत्य व्हावें, हें इतिहासाचें कोडें आहे. १९१० सालीं दुसरा जलमार्गही याच्याच कारकीर्दीच्या प्रयत्नांनीं पुरा झाला. पण तो पाहावयास लुएगर उरला नव्हता.

या दोन्ही कथा डोंगरांत एकत्र येतात. तेथील चुनखडीच्या भेगांतून पावसाचें पाणी झपाट्यानें खालीं उतरतें. त्यास धरून गाळणारें काय तें वरचें रान आणि त्याखालची मृदु माती. रान तुटलें कीं झरा गढुळला. म्हणून व्हिएन्नाची नगरपालिका झऱ्यांभोंवतालचीं रानें स्वतःच्या मालकीचीं ठेवून राखते. तिच्या वनरक्षकांना लांकडाच्या उत्पन्नापेक्षां पाण्याची काळजी अधिक.