मारियाला कुणी विचारलं?

आज बचतीचा हिशोब नाही आणि कर्जाचे हप्तेही नाहीत. आज एका सिनेमातल्या माणसाचा इतिहास सांगणार आहे, आणि तो माणूस आहे अमेरिकेतला. अंगात काळा शर्ट, छातीवर भली मोठी पांढरी कवटी, हातात बंदूक. त्याचं नाव पनिशर, म्हणजे शिक्षा देणारा. तुमच्या घरातल्या कॉलेजातल्या पोराला विचारा, त्याला बहुतेक माहीत असेल.

तुम्ही म्हणाल, हे पोराटोरांचं, आपल्याला काय त्याचं? पण या गोष्टीत एक बाईसुद्धा आहे. सगळी मारामारी तिच्या नावाने चालते आणि तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तिच्यासाठी म्हणून ही गोष्ट ऐका.

सुरुवात १९७४ सालची. अमेरिकेत कॉमिक म्हणजे रंगीत चित्रकथांचे अंक दर महिन्याला निघतात. स्पायडरमॅन तुम्हाला ठाऊक आहे, मुलांच्या दप्तरावर असतो तोच. त्या वर्षीच्या फेब्रुवारीची तारीख असलेल्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या १२९व्या अंकात पनिशर पहिल्यांदा आला, तो स्पायडरमॅनला मारायला. लेखक होता गेरी कॉनवे, वय विशीतलं. त्याने मनात नाव धरलं होतं ‘असॅसिन’, म्हणजे मारेकरी. प्रकाशक स्टॅन ली यांनी सुचवलं, पनिशर म्हणा. कॉनवेच्या कच्च्या चित्रात छातीच्या एका बाजूला छोटीशी कवटी होती. चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती अख्ख्या छातीभर केली आणि कवटीचे दात पार कमरेच्या पट्ट्यापर्यंत आणले. पुढे पन्नास वर्षं जे चिन्ह जगभर फिरलं, ते असं जन्माला आलं.

काळ कसा होता तेही बघा. व्हिएतनामच्या युद्धातून अमेरिकेचे सैनिक नुकतेच परतले होते. न्यूयॉर्कमध्ये गुन्हे वाढले होते. वॉटरगेट प्रकरणामुळे १९७४ च्या ऑगस्टमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडावं लागलं. सरकार, पोलीस, कोर्ट यांच्यावरचा लोकांचा विश्वास पातळ झाला होता. त्याच वर्षी ‘डेथ विश’ नावाचा सिनेमा आला. त्यात बायकोचा खून झालेला साधा माणूस बंदूक घेऊन रात्री रस्त्यावर उतरतो. तो जोरात चालला. लोकांना असा माणूस हवाच होता.

पनिशरची घरची कहाणी वाचकांना १९७५ मध्ये कळली. त्याचं खरं नाव फ्रँक कॅसल, व्हिएतनामला लढून आलेला सैनिक. बायको मारिया आणि दोन मुलं यांच्यासोबत तो न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला जातो. तिथे गुंडांच्या टोळीने केलेला खून त्यांच्या नजरेस पडतो. साक्षीदार उरू नये म्हणून गुंड सगळ्या कुटुंबावर गोळ्या झाडतात. फ्रँक वाचतो, बाकी तिघं जातात. त्या दिवसापासून तो कोर्टकचेरीची वाट न बघता गुन्हेगारांना मारत सुटतो. ना धड नायक, ना धड खलनायक. अशा पात्राला समीक्षक प्रतिनायक म्हणतात.

१९८६ मध्ये त्याच्या नावाची छोटी मालिका निघाली आणि तो इतका चालला, की पुढे दर महिन्याला त्याचे तीन-तीन अंक निघू लागले. मग लोकांना कंटाळा आला. १९९५ मध्ये तिन्ही बंद झाले. २००० साली गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलन या जोडीने त्याला पुन्हा उभं केलं.

आता सिनेमाकडे येऊ. इथे ‘रीबूट’ हा शब्द लागतो. मोबाईल अडकला की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो ना, तेच. आधीचा सिनेमा जमला नाही, तर तो झालाच नाही असं धरायचं. नवा नट, नवा दिग्दर्शक घ्यायचा आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायची. पनिशरच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा झालं.

पहिला सिनेमा १९८९ चा. डॉल्फ लुंडग्रेन हा धिप्पाड नट होता, चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झालं. चाहत्यांनी कपाळावर हात मारला, कारण पनिशरच्या छातीवर कवटीच नव्हती! अमेरिकेत तर तो थिएटरला लागलाच नाही, नंतर थेट व्हिडिओ कॅसेटवर आला.

दुसरा २००४ चा, थॉमस जेन या नटाचा. या वेळी कवटी होती, पण गोष्ट न्यूयॉर्कमधून उचलून फ्लोरिडातल्या टँपा शहरात नेली होती. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या गल्ल्यांतला माणूस समुद्रकाठच्या उन्हात बघून चाहते पुन्हा कुरकुरले. तरी जेन त्यांना आवडला. दुसरा भाग येणार म्हणून ते वाट बघत बसले, तर २००७ मध्ये जेनच त्यातून बाहेर पडला.

मग २००८ मध्ये तिसऱ्यांदा नवी सुरुवात, ‘पनिशर वॉर झोन’. नट रे स्टीव्हन्सन आणि दिग्दर्शक लेक्सी अलेक्झांडर, म्हणजे एक बाई! जर्मनीत वाढलेली आणि कराटेतली विजेती. कॉमिकमध्ये जितकी मारामारी आणि रक्त असतं, तितकं तिने पडद्यावर दाखवलं. चाहते जे मागत होते ते त्यांना मिळालं. पण सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्च झालेल्या त्या सिनेमाने जगभरातून एक कोटीच्या आसपासच मिळवले. आजही काही जण तोच सगळ्यांत अस्सल मानतात, पण त्या वेळी थिएटरं रिकामी राहिली.

इथे जरा थांबू या. तीन सिनेमे, तीन सुरुवाती. दर वेळी नट बदलला, गाव बदललं, कवटी आली-गेली. एक गोष्ट मात्र दर वेळी झालीच. त्याची बायको आणि मुलं मेली. १९८९ मध्ये मोटारीत बॉम्ब फुटून, २००४ मध्ये नातेवाइकांच्या मेळाव्यावरच्या हल्ल्यात, २००८ मध्ये पुन्हा सहलीत. गोष्ट नव्याने सुरू करायची म्हणजे मारियाला नव्याने मारायचं. ती मेल्याशिवाय त्याची गोष्ट सुरूच होत नाही.

हे बोट दाखवून सांगणारी एक बाई होती. गेल सिमोन तिचं नाव. केस कापण्याचं काम करायची आणि कॉमिकची शौकीन वाचक. १९९९ मध्ये तिने एक यादी केली. कॉमिकमध्ये किती बायका-मुलींना मारलं, अपंग केलं किंवा त्यांची शक्ती काढून घेतली, तीही बऱ्याचदा केवळ नायकाला राग यावा एवढ्यासाठी, याची ती यादी होती. यादीचं नाव तिने ठेवलं ‘फ्रीजमधल्या बायका’, कारण १९९४ च्या एका अंकात नायकाला आपल्या मैत्रिणीचं प्रेत फ्रीजमध्ये सापडतं. ती यादी खूप गाजली, तिच्यावर भांडणंही झाली. पुढे गेल सिमोन स्वतः नावाजलेली कॉमिक लेखिका झाली आणि तिने ‘वंडर वुमन’ लिहिली. आपल्या हातातलं काम सांभाळत एका वाचक बाईने साधी यादी केली आणि त्या धंद्याला उत्तर द्यायला लावलं. वहीत नोंद ठेवण्याची ताकद आपल्या गटातल्या बायकांना वेगळी सांगायला नको.

पुन्हा पनिशरकडे. २०१२ च्या जुलैमध्ये एक गंमत झाली. थॉमस जेनने कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय दहा मिनिटांची फिल्म केली, ‘डर्टी लाँड्री’, आणि सॅन दिएगोच्या कॉमिक मेळाव्यात दाखवली. पनिशर मशिनवर कपडे धुवायला आलेला असतो. बाहेर गुंड एका बाईला आणि एका पोराला छळतात. तो आधी दुर्लक्ष करतो, मग राहवत नाही. कवटीचा शर्ट दिसतो तो अगदी शेवटी. चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली. भूमिका सोडून पाच वर्षं झालेला नट चाहत्यांसारखाच आस लावून बसला होता, हे त्यातून दिसलं.

खरं यश आलं ते २०१६ मध्ये, ‘डेअरडेव्हिल’ या मालिकेत जॉन बर्नथल हा नट आला तेव्हा. मारामारी तिथेही होती. पण लोकांच्या लक्षात राहिला तो स्मशानातला प्रसंग. जखमी फ्रँक थडग्याला टेकून बसतो आणि आपल्या मुलीबद्दल बोलतो. तो युद्धावरून घरी आला, त्या रात्री मुलगी म्हणाली, बाबा, गोष्ट वाचून दाखवा. तो दमला होता, म्हणाला उद्या. तो उद्या आलाच नाही. सत्तावीस वर्षं चाहते ज्याची वाट बघत होते, ते बंदुकीतून आलं नाही, बापाच्या त्या हुंदक्यातून आलं. २०१७ मध्ये त्याची स्वतःची मालिका निघाली. मारिया तिथे स्वप्नात आणि आठवणीत दिसते. २०१९ च्या फेब्रुवारीत ती मालिका बंद झाली आणि चाहते पुन्हा ‘परत आणा’ म्हणू लागले.

या सगळ्या वर्षांत ती कवटी मात्र सिनेमाच्या बाहेर पडली होती. इराकमध्ये लढणाऱ्या काही अमेरिकी सैनिकांनी ती आपल्या गाड्यांवर रंगवली. पुढे काही पोलिसांनीही उचलली. २०१७ मध्ये केंटकीतल्या एका गावच्या पोलिसांनी ती गाड्यांवर लावली आणि लोकांनी तक्रार केल्यावर काढली. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसदेवर जो जमाव चालून गेला, त्यातही ती दिसली.

मूळ लेखक कॉनवे यांना याचं वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं होतं, की न्यायव्यवस्था हरली म्हणून पनिशर जन्मला. कायद्याच्या रक्षकाने त्याचं चिन्ह मिरवणं म्हणजे आपण हरलो असं आपणच सांगणं. २०१९ च्या एका अंकात तर पनिशर स्वतः पोलिसांच्या गाडीवरचं कवटीचं स्टिकर फाडतो आणि बजावतो, की माझ्यासारखं व्हायला जाऊ नका. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यावर कॉनवे यांनी तरुण चित्रकारांकडून कवटीची नवी चित्रं काढून घेतली. त्या टी-शर्टांचा पैसा कृष्णवर्णीयांच्या चळवळीला दिला.

आणि मग २०२२. कॉमिकमध्ये लेखक जेसन एरन यांनी जी गोष्ट लिहिली, तिच्यात कवटीचं चिन्ह बदललं आणि मारिया जिवंत झाली! आपल्या आणि मुलांच्या नावाने नवऱ्याने किती माणसं मारली, हे तिला हळूहळू कळतं. ती त्याचे आभार मानत नाही. ती त्याच्या विरोधात उभी राहते आणि त्याला सोडून जाते. बऱ्याच चाहत्यांना हे रुचलं नाही. मला मात्र वाटलं, की अखेर कुणीतरी तिला विचारलं.

आपल्या बैठकीत एखादी ताई रडत येते, नवऱ्याने किंवा दिराने मारलं म्हणून. लगेच चार जणी उठतात, चला, त्याला चोपून काढू! राग खरा असतो, मायेचा असतो. पण त्या ताईला विचारलं की ती म्हणते, मला घरावर नाव पाहिजे, पोरांची शाळा सुटायला नको, तक्रार लिहायला कुणीतरी सोबत चला. ते काम लांबचं आणि कंटाळवाणं असतं, कागद लागतात, खेटे घालावे लागतात. त्यावर सिनेमा निघत नाही. पण तिला हवं असतं ते.

पनिशर अजून थांबलेला नाही. २०२५ मध्ये बर्नथल पुन्हा पडद्यावर आला. त्या मालिकेत कवटी गोंदवून घेतलेले पोलीस त्याला भेटतात, तेव्हा तो त्यांच्यावर भडकतो. स्पायडरमॅनच्या नव्या सिनेमातही तो असणार, असं त्याच वर्षी जाहीर झालं. म्हणजे जिथून निघाला त्याच दारात तो परत आला. चाहते पुन्हा आशेने बसले आहेत. बसू देत. आवडीच्या माणसाची गोष्ट नीट सांगितली जावी असं वाटण्यात गैर काही नाही.

फक्त एक करा. घरातला पोरगा कवटीचा टी-शर्ट मागेल किंवा गाडीवर ते स्टिकर लावेल, तेव्हा रागावू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, या माणसाच्या बायकोचं नाव काय रे? नाही आलं सांगता, तर तुम्ही सांगा. मारिया. आणि मग म्हणा, आता तिच्या बाजूने ही गोष्ट सांग बघू.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.