म्हशाच्या बाजारातला बैल

व्यवसायनीती शिकवायची तर प्रकरणं हार्वर्डचीच हवीत, असं आम्हीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण मुरबाड तालुक्यातली पौषातली म्हशाची जत्रा घ्या, तिथला बैलबाजार घ्या. बैल औताला जुंपला की मध्येच बसतो, हे विकणाऱ्याला ठाऊक आहे; घेणाऱ्यानं विचारलंच नाही. त्याचा तर अख्खा हंगाम जाणार! मग गप्प राहणं ही फसवणूक का?

1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये हेच आहे, फक्त बैलाऐवजी घोडा. लिलावात दोष न सांगता विकला, तर फसवणूक नाही. घेणारी स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं भाग. ‘तू नाकारलं नाहीस तर घोडा धड आहे असं धरतो’, असं घेणारा म्हणाला आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखंच. म्हणजे कायदाही प्रकरणांतूनच शिकवतो, आणि तोही हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या (1908) आधी!

वर्गात पहिल्या उदाहरणाला, ‘बरोबर आहे’ म्हणून भराभर हात वर व्हायचे. मग आम्ही विचारायचो, घेणारा शेजारच्या गावचा तुमचा सोयरा असेल तर? निम्मे हात खाली यायचे.