कार्यालयीन ईमेल आणि कॅलेंडर स्मार्टफोनवर घेताना

कार्यालयाचे ईमेल खाते स्वतःच्या मोबाइलवर जोडणे हे पाच मिनिटांचे काम समजले जाते. पत्ता टाइप करावा, पासवर्ड द्यावा, समोर येणाऱ्या दोन-तीन सूचनांना ‘परवानगी द्या’ म्हणावे आणि मोकळे व्हावे, अशीच बहुतेकांची रीत आहे. मात्र त्या सूचनांपैकी एखादीत फोनवरील संपूर्ण माहिती दुरून पुसण्याचा अधिकार कार्यालयाला दिला जात असू शकतो. दुसरीकडे, ईमेल येऊ लागले तरी बैठकांचे कॅलेंडर रिकामेच राहते, ही तक्रारही नेहमीची आहे. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच असते : खाते कोणत्या प्रकाराने जोडले जात आहे, याकडे जोडणाऱ्याचे लक्ष नसते.

हे प्रकार समजून घेण्यास फारसे तांत्रिक ज्ञान लागत नाही. सर्वांत जुना ‘पॉप’, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. १९८४ मध्ये आलेल्या या पद्धतीला तिचे नाव शोभून दिसते. टपाल कचेरीतून पत्र घरी आणावे, तसा ईमेल सर्व्हरवरून उचलून एका यंत्रावर आणला जातो. फोनवर वाचलेले पत्र संगणकावर न वाचलेलेच दिसते, आणि कधी कधी ते सर्व्हरवर उरतही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये रचलेल्या ‘आयमॅप’ने हा प्रश्न सोडवला. यात पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि प्रत्येक यंत्र त्याच पेटीकडे पाहते. पण पॉप असो वा आयमॅप, दोन्हींची धाव ईमेलपुरतीच आहे. कॅलेंडर किंवा संपर्कयादी त्यांतून येत नाही.

कॅलेंडर फोनवर येण्यासाठी निराळा मार्ग लागतो. मायक्रोसॉफ्टची ‘एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक’ ही व्यवस्था ईमेल, कॅलेंडर, संपर्क आणि कामांची यादी एकत्रच आणते. गुगलचे कार्यालयीन खाते ‘गुगल’ म्हणून जोडले, तर तेही हीच सोय देते. इतर अनेक सेवा २००७ मध्ये प्रमाणित झालेली ‘कॅलडॅव्ह’ पद्धत वापरतात आणि तेथे कॅलेंडरचे खाते वेगळे जोडावे लागते. कार्यालयाची सेवा एक्स्चेंजची असताना कर्मचाऱ्याने ती आयमॅप म्हणून जोडली, तर पत्रे व्यवस्थित येतील आणि बैठकीचे निमंत्रण केवळ ‘आयसीएस’ नावाच्या जोडफाइलच्या रूपात येईल. त्यावर बोट ठेवून नोंद करता येते, परंतु आयोजकाने वेळ पुढे ढकलली तरी फोनवरील नोंद जुन्याच वेळेवर राहू शकते. बैठक चुकण्याचे हे अगदी साधे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोष मात्र नेटवर्कला दिला जातो.

म्हणून माहिती-तंत्रज्ञान विभागाला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘पासवर्ड काय?’ हा नसून ‘आपली सेवा कोणती, आणि ती कोणत्या ॲपमधून वापरण्याची परवानगी आहे?’ हा असावा. अनेक कार्यालये फोनमधील मूळ ईमेल ॲपला मनाई करतात आणि केवळ आउटलुकसारखे ठरलेले ॲप चालवू देतात. केंद्र सरकारची ईमेल व्यवस्था राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आहे. तेथील कर्मचाऱ्यांनी सर्वसाधारण मार्गदर्शिका बाजूला ठेवून त्या केंद्राच्या सूचनाच पाळाव्यात.

खाते जोडताना

आयफोनवर सेटिंग्ज, मग ॲप्स, मेल आणि मेल अकाउंट्स असा रस्ता आहे. आयओएस १८ पूर्वीच्या आवृत्त्यांत ‘मेल’ थेट सेटिंग्जच्या यादीतच सापडते. पुढे सेवांची यादी दिसते आणि येथे एक ठरलेली चूक होते. कार्यालयात ‘आउटलुक’ वापरले जाते म्हणून कर्मचारी यादीतील ‘आउटलुक डॉट कॉम’ निवडतो. तो पर्याय मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांसाठी आहे. कार्यालयीन खात्यासाठी ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज’ निवडावे लागते. ओळख पटल्यावर मेल, संपर्क, कॅलेंडर, रिमाइंडर अशी बटणे समोर येतात. यांपैकी जे हवे तेवढेच चालू ठेवता येते.

अँड्रॉइडवर जीमेल ॲपमधील आपल्या छायाचित्रावर बोट ठेवून दुसरे खाते जोडण्याचा पर्याय घ्यावा. गुगल, एक्स्चेंज, इतर असे प्रकार तेथे वेगवेगळे दिलेले असतात. एवढ्यावर काम संपत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या नावाखाली कॅलेंडरचे सिंक चालू आहे का, आणि कॅलेंडर ॲपच्या बाजूच्या यादीत त्या कॅलेंडरवर खूण आहे का, हे दोन्ही पाहावे लागते. आउटलुक ॲप वापरणाऱ्यांना ईमेल आणि कॅलेंडर एकाच ठिकाणी मिळते. मात्र त्या बैठका फोनच्या मूळ कॅलेंडरमध्ये आपोआप उमटतीलच असे नाही.

सर्व्हरची माहिती हाताने भरण्याची वेळ आली तर आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५ आणि पत्रे पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट क्रमांक प्रचलित आहेत. सांकेतिकरण, म्हणजे एसएसएल किंवा टीएलएस, बंद ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये.

पासवर्ड अचूक असूनही जुना फोन तो नाकारत असेल, तर त्यामागेही कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत केवळ नाव आणि पासवर्ड पाठवून ओळख पटवण्याची जुनी पद्धत बंद करण्यास सुरुवात केली. आता ॲपने कंपनीच्या संकेतपानावर नेऊन तेथे ओळख पटवावी लागते आणि बहुधा दुसरी खातरजमाही होते. हे न जमणाऱ्या जुन्या ॲपमध्ये पासवर्ड पुनःपुन्हा टाइप केल्याने खाते कुलूपबंद होण्याची भीतीच अधिक असते. उपाय म्हणजे ॲप अद्ययावत करणे किंवा बदलणे.

वेळ, बॅटरी आणि चुकीचे कॅलेंडर

सिंक सुरू झाल्यावर जुनी पत्रे दिसत नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही. फोन साधारणपणे ठरावीक दिवसांचीच पत्रे आणतो. जीमेल ॲपमध्ये ही मर्यादा मुळात ३० दिवसांची असते आणि ती सेटिंग्जमधून वाढवता येते. पत्रे उशिरा येणे ही वेगळी बाब. शाओमी, विवो, ओप्पो यांसारख्या काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीत चालणारी ॲप्स थांबवतात. तेथे संबंधित ॲपला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळावे लागते.

परदेशी कार्यालयांशी काम करणाऱ्यांना वेळेचा घोळ ठाऊक असतो. भारतात घड्याळ वर्षभर एकच राहते. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केले जाते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या आयोजकाने सकाळी ९ वाजता ठेवलेली साप्ताहिक बैठक पुण्यात किंवा हैदराबादेत हिवाळ्यात सायंकाळी ७.३० ला, तर उन्हाळ्यात ६.३० ला येते. ब्रिटनचे घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. त्यामुळे वर्षातून दोनदा काही काळ तिन्ही शहरांचे गणित विस्कटलेले असते. कॅलेंडर खरोखर सिंक होत असेल तर हा बदल ते स्वतःच करते. वेळ हाताने नोंदवून ठेवणारा मात्र एक तास आधी किंवा उशिरा पोहोचतो.

याहून नाजूक प्रश्न नव्या नोंदींचा आहे. दोन-तीन खाती जोडलेल्या फोनवर नवी नोंद कोणत्या कॅलेंडरमध्ये जाणार, हे आधीच ठरलेले असते आणि वापरकर्त्याला त्याची कल्पना नसते. डॉक्टरांची भेट किंवा दुसऱ्या नोकरीची मुलाखत कार्यालयीन कॅलेंडरमध्ये नोंदली गेली, तर ज्यांना ते पाहण्याची मुभा आहे त्या सहकाऱ्यांना किमान ‘व्यग्र’ अशी खूण दिसते, आणि मुभा अधिक असेल तर शीर्षकही. खाते जोडल्यावर सर्वप्रथम मूळ कॅलेंडर म्हणून वैयक्तिक खाते निवडावे. संपर्कांबाबतही हीच काळजी घ्यावी. प्रस्तुत प्रतिनिधीने एक जुनी नोकरी सोडताना कार्यालयीन खाते फोनवरून काढले, तेव्हा तीन वर्षांत जमवलेले बरेचसे क्रमांक त्यासोबत गेले. ते सारे नकळत कार्यालयाच्या खात्यात साठत होते.

परवानगी कशाची

आता त्या सूचनांकडे वळू. एक्स्चेंज खाते अँड्रॉइडच्या साध्या ईमेल ॲपमध्ये जोडताना ‘डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर’ची परवानगी मागितली जाऊ शकते. त्या पडद्यावर स्क्रीन लॉकचे नियम ठरवणे, स्क्रीन कुलूपबंद करणे आणि सर्व माहिती पुसून टाकणे असे अधिकार स्पष्ट लिहिलेले असतात. फोन हरवला, तर कार्यालयाच्या दृष्टीने हा अधिकार योग्यच आहे. पण तोच फोन घरचाही असतो आणि त्यात मुलांची छायाचित्रे, बँकेचे ॲप, आईवडिलांचे वैद्यकीय अहवाल असतात. पूर्ण पुसण्याचा आदेश हा भेद करत नाही.

यावर चांगले पर्याय उपलब्ध आहेत. अँड्रॉइडच्या २०१४ मधील ५.० या आवृत्तीपासून ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. कार्यालयीन ॲप्स त्यात वेगळी राहतात आणि त्यांच्या चिन्हांवर छोटी ब्रीफकेस दिसते. कर्मचाऱ्याच्या मालकीच्या फोनवर कार्यालयाला त्या कप्प्यापलीकडची छायाचित्रे किंवा संदेश पाहता येत नाहीत आणि पुसला जातो तोही तेवढाच कप्पा. सुटीच्या दिवशी हा कप्पा तात्पुरता बंदही ठेवता येतो, ही सोय अनेकांना ठाऊकच नसते. आयफोनवर वैयक्तिक यंत्रांसाठी अशीच विभागणी आयओएस १३ सोबत २०१९ मध्ये आली. आउटलुक ॲपमधून खाते वापरल्यास एक्स्चेंजचा पुसण्याचा आदेशही त्या ॲपमधील माहितीपुरताच चालतो. त्यामुळे कार्यालयाने पर्याय दिला असेल तर यांपैकी एक निवडावा, आणि संपूर्ण फोनच्या नियंत्रणाची परवानगी शक्यतो कार्यालयानेच दिलेल्या फोनवर द्यावी.

नोकरी बदलताना क्रमही महत्त्वाचा ठरतो. प्रथम कार्यालयीन खात्यात अडकलेले वैयक्तिक संपर्क आणि नोंदी दुसऱ्या खात्यात हलवाव्यात, छायाचित्रांची प्रत इतरत्र ठेवावी आणि मगच सेटिंग्जमधून खाते किंवा वर्क प्रोफाइल काढावे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी माहिती-तंत्रज्ञान विभाग आपल्या बाजूने खाते बंद करतो, तेव्हा हे सर्व करण्यास वेळ उरलेला नसतो. ही कामे आठवडाभर आधी उरकावीत.