देवराई : देवाचे आद्य मंदिर

सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या जुन्या गावात जाऊन ग्रामदैवताचे मूळ ठाणे कोठे आहे असे विचारले, तर म्हातारी माणसे बहुधा गावाबाहेरच्या दाट झाडीकडे बोट दाखवितात. गावातील देऊळ कितीही देखणे असो, 'देव मूळचा राईतला' हे सांगण्यास ती विसरत नाहीत. चिरेबंदी गाभारा, सभामंडप, दीपमाळ आणि शिखर हे सारे पुढच्या पिढ्यांच्या भक्तीचे वैभव होय. त्याआधी देवाला घर होते ते झाडांचे. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी या पहिल्या घराचा आणि ते राखणाऱ्या माणसांचा इतिहास स्मरणे उचित ठरेल.

मावळात व घाटमाथ्यावर या वनाला 'राई' किंवा 'देवराई' म्हणतात, दक्षिण कोकणात 'देवरहाटी' म्हणतात, तर गोव्यातही देवाची राय घरोघर ठाऊक आहे. वाघजाई, काळकाई, भैरवनाथ, म्हसोबा, वाघोबा ही तेथील दैवते. पुष्कळ ठिकाणी मूर्ती नसतेच. शेंदूर फासलेला तांदळा असतो आणि त्यावर छप्परही नसते. अमक्या देवाला छप्पर चालत नाही, त्याला आभाळच लागते, अशी श्रद्धा अनेक गावांत आढळते. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांचा संबंध गुराख्यांच्या व भटक्या टोळ्यांच्या प्राचीन वाटांशी जोडला. नांगर येण्यापूर्वी जी माणसे या डोंगरांतून वावरत होती, त्यांच्या देवतांचा वारसा आजच्या ग्रामदैवतांत उतरला आहे, असे त्यावरून म्हणावयास हरकत नाही.

ही माणसे कोण? अकोले, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, त्यांच्या शेजारी ठाकर, रायगडच्या रानात कातकरी, ठाणे-पालघरकडे वारली व कोकणा, कोकणात कुणबी, पठारांवर गवळी धनगर, गोव्यात गावडा, वेळीप व कुणबी. आश्विन वद्य द्वादशीला महादेव कोळी, कोकणा व वारली वाघबारस पाळतात. ज्या वाघाचे भय, त्याच वाघाला देव मानून नैवेद्य दाखवावा आणि रानात त्याचाही वाटा आहे हे मान्य करावे, हा त्या सणाचा अर्थ. देवराईमागेही हाच विचार आहे. रान सगळेच माणसाचे नाही; त्यातील काही भाग देवाचा, आणि देवाच्या नावाने पाखराचा, जनावराचा व पाण्याचा.

राईचे कायदे लिहिलेले नव्हते, पण ते कडक होते. राईत कुऱ्हाड न्यावयाची नाही. वणवा शिरू द्यावयाचा नाही. कित्येक ठिकाणी वाळलेली काटकीही घरी नेण्यास मनाई. फार तर पडलेले लाकूड उत्सवाच्या स्वयंपाकाला वापरावे. एखादे झाड काढण्याची वेळ आलीच, तर गावकीने जमून देवाला कौल लावावा आणि देवाने उजवा दिला तरच हात घालावा. नियम मोडणाऱ्यास गावाचा दंड असे. सगळेच नियम आजच्या दृष्टीने चांगले होते असे नव्हे. काही रायांत स्त्रियांना प्रवेश नसे, काहींत ठराविक कुळांनाच मान असे. परंतु झाडाच्या बाबतीत श्रीमंत-गरीब, पाटील-गडी हा भेद नव्हता. देवाच्या झाडाला कोणीच हात लावावयाचा नाही, हा सर्वांना सारखा दंडक होता. राया टिकल्या त्या केवळ भयाने नव्हेत. नुसत्या भयाला माणूस कालांतराने सरावतो. सर्वांनी मिळून पाळलेला नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

शिवाय राई ही गावाच्या जमिनीपासून वेगळी काढलेली गोष्ट नव्हती. खाली खाचरात भात, उतारावर नाचणी व वरई, त्यापलीकडे राबासाठी फांद्या तोडण्याचे व हिरडा गोळा करण्याचे रान, आणि बहुधा ओढ्याच्या उगमापाशी राई, अशी ही रचना होती. जेथे तोडावयाचे तेथे फांदी तोडावी, बुंधा राखावा. जेथे राखावयाचे तेथे पानही तोडू नये. कातळाच्या या प्रदेशात पाऊस चार महिने धो धो कोसळतो आणि पुढे आठ महिने थेंब नसतो. उघड्या डोंगरावरचे पाणी माती घेऊन तासाभरात नदीला मिळते. राईत मात्र पावसाचा मार पानांवर पडतो, खाली कुजलेल्या पाल्याचा जाड थर पाणी धरतो, मुळांच्या वाटेने ते खडकाच्या भेगांत मुरते आणि हळूहळू झऱ्याला येते. वैशाखात गावाच्या विहिरी आटल्या तरी राईतल्या झऱ्याला धार असते, असा अनुभव कित्येक गावांचा आहे. देवाने पाणी दिले असे म्हणणारा जुना माणूस वस्तुस्थितीच सांगत होता.

राईतील झाडोरा तर थक्क करणारा असतो. बाहेर ज्यांची रोपटीही दिसत नाहीत अशा जातींचे प्रचंड वृक्ष तेथे उभे असतात. जांभूळ, आंबा, हिरडा, बेहडा, सातवीण, भेर्ली माड यांच्या शेंड्यांपर्यंत गारंबीच्या मांडीएवढ्या जाड वेली चढलेल्या असतात. शेकरू, धनेश, वटवाघळे तेथे आश्रय घेतात आणि फळे खाऊन बी दूरवर टाकतात. उजाड डोंगरावर पुन्हा रान उभे करावयाचे झाले, तर त्याचे बियाणे राईतच मिळते. शेतकरी ज्याप्रमाणे बियाण्याची कणगी उपाशी राहूनही फोडीत नाही, तद्वत डोंगरातल्या माणसांनी ही कणगी जपली.

राज्यकर्त्यांपैकी काहींना झाडाची किंमत ठाऊक होती. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. इंग्रजी अमलात मात्र रानाची व्यवस्था पालटली. १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनी मोठमोठी राने सरकारी राखीव झाली आणि वर्षानुवर्षे ती वापरणारी व राखणारी माणसे एका रात्रीत गुन्हेगार ठरू लागली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने गरीब शेतकऱ्याचे गायरान व रान हिरावल्याबद्दल कठोर शब्दांत टीका केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाच्या व जळणाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. या उलथापालथीत अनेक राया कागदोपत्री सरकारजमा झाल्या. देव गावाचा, राखण गावाची, पण जमीन सरकारची, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

स्वातंत्र्यानंतर लाकूड आणि कोळसा यांच्या व्यापारात पुष्कळ राया संपल्या. अशा वेळी १९७० नंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवराया हिंडून पाहिल्या व त्यांची शास्त्रीय माहिती प्रथमच पद्धतशीरपणे प्रसिद्ध केली. त्याच काळातील श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची हकीकत बोधप्रद आहे. तेथील राईतील झाडे तोडीसाठी निवडली गेली, तेव्हा गावकऱ्यांनी या अभ्यासकांना कळविले. राई गेली तर गावाचा बारमाही ओढाही जाईल, ही त्यांची चिंता होती. अभ्यासकांनी मध्यस्थी केली, वनखात्याने तोड थांबविली आणि राई वाचली. पुढील काळात महाराष्ट्रातील अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे.

परंतु राईवर येणारे संकट नेहमी बाहेरूनच येते असे नाही, हेही या प्रसंगी स्पष्ट सांगितले पाहिजे. कित्येक गावांत देवाचे छोटे ठाणे मोठे करावयाचे ठरले आणि त्यासाठी पैसा हवा म्हणून देवाचीच झाडे विकली गेली. कोठे तुळया व खांबांसाठी राईत कुऱ्हाड शिरली. कोठे मंडप, वाहनतळ आणि फरसबंदी यांसाठी जागा मोकळी केली गेली; उरलेल्या झाडांच्या बुंध्याभोवती सिमेंटचे पार आवळले गेले व ती आतून वाळली. हे सारे भक्तिभावानेच झाले. देवाला मोठे घर मिळाले, पण त्याचे जुने घर मोडून. आणि काही वर्षांनी उत्सवाला पाण्याचा टँकर मागवावा लागला, तेव्हा झरा कोठे गेला हा प्रश्न पडला.

याउलट उदाहरणेही आहेत. मावळ तालुक्यातील आजिवली येथील वाघजाईच्या राईत भेर्ली माड विपुल आहेत. तेथे माड तोडून पैसा केला जात नाही. उभ्या माडाचा रस काढला जातो आणि राई राईच राहते. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे-हेवाळे येथील देवराईत रानजायफळाच्या जातीचे दुर्मिळ वृक्ष दलदलीत उभे आहेत. देवाच्या नावाने राखलेली ही २.५९ हेक्टरची जागा २०२१ साली शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. गावाने शतकानुशतके जे जपले, त्याचे मोल शास्त्राने व शासनाने उशिरा का होईना, मान्य केले.

कायदाही पालटला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या व्यवस्थापन समित्यांना आपल्या भागातील वनस्पती व प्राण्यांची नोंदवही करण्याचे काम दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व पारंपरिक वननिवासी ग्रामसभांचा रान वापरण्याचा आणि राखण्याचा सामूहिक हक्क मान्य केला. सह्याद्रीपासून दूर, पूर्वेकडील चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गोंड वस्तीच्या गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. हक्क मिळताच ग्रामसभेने नियम केले. तेंदूपाने चांगला पैसा देतात. परंतु त्यासाठी झाडे छाटावी व रान जाळावे लागते, म्हणून ती तोडणे बंद केले. शिवाय ३४ हेक्टर रान देवाचे म्हणून वेगळे काढले आणि त्याला हात लावावयाचा नाही असे ठरविले. नवी देवराई या काळातही जन्माला येऊ शकते, हे या गावाने दाखवून दिले. त्यासाठी पुराणकाळ लागत नाही. एकदिलाने बसणारी ग्रामसभा लागते.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जीर्ण झालेल्याचे पुन्हा उत्थान. भिंती चढल्या, कळस चढला, म्हणजे तो अर्धा झाला. जेथे राई शिल्लक आहे तेथे तिची हद्द मोजून ग्रामसभेच्या दप्तरात लिहावी. आत पक्के बांधकाम न्यावयाचे नाही, असा ठराव करावा. राईत पडलेल्या बियांची रोपे करून उघड्या कडा भरून काढाव्यात. बाहेरून शोभेची झाडे आणू नयेत. झऱ्याच्या तोंडावर काँक्रीट ओतू नये. झाडांची नावे, त्यांचे गुण व राईचे रिवाज ठाऊक असलेली वडीलधारी माणसे, विशेषतः कोळी, ठाकर व कातकरी वाड्यांतील, अजून आहेत तोवर त्यांच्याकडून ती माहिती उतरवून घ्यावी. मंदिराच्या पायरीवर देणगीदारांची नावे कोरली जातात, ते योग्यच आहे. ज्यांनी हे वन पिढ्यान्‌पिढ्या राखले त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. उभी राई हाच त्यांचा शिलालेख होय.

ग्रामदैवताच्या कृपेने हा शिलालेख पुढच्या पिढ्यांनाही वाचता यावा, राईत कुऱ्हाड न शिरो आणि झऱ्याची धार अखंड राहो, हीच देवचरणी प्रार्थना.