लाव्याच्या अंड्याचा वंश आणि कर्जतची हवा

कर्जत-खालापूरच्या माळांवर लावे पूर्वापार आहेत. कातकरी ते फासे लावून धरत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीला आळा घातला. अंड्यांसाठी पाळला जातो तो मात्र जपानी लावा. जपानात तो आधी आवाजासाठी पिंजऱ्यात ठेवत. विसाव्या शतकाच्या आरंभी अंड्यांसाठी निवड सुरू झाली, पण दुसऱ्या महायुद्धात ते कळप जवळजवळ संपले आणि उरलेल्या थोड्या पक्ष्यांपासून वंश पुन्हा वाढवावा लागला. भारतात हा पक्षी 1974 साली अमेरिकेतून बरेलीजवळच्या इझ्झतनगरला आला. 2011 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नव्या फार्मचे परवाने थांबवले. पुढे तो निर्बंध उठला.

अंडे बिघडले की बोट प्रथम खाद्याकडे जाते. खरे तर आधी पैदास पाहावी. सख्ख्या भावंडांचे जोड लावत गेल्यास दोन-तीन पिढ्यांतच अंडी उबेनाशी होतात. या बाबतीत लावा कोंबडीपेक्षा फार नाजूक आहे. म्हणून एकदाच आणलेल्या मोजक्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षे चालवलेला कळप टिकत नाही, बाहेरचे नर आणावेच लागतात. अंड्याचे वजन, साधारण 10 ते 12 ग्रॅम, बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. कवचावरच्या ठिपक्यांची नक्षीही प्रत्येक मादीची आपली असते. मांसासाठी वजनदार केलेल्या वाणाची अंडी मोठी असतात, पण संख्येने कमी.

उरलेले काम हवेचे आणि उजेडाचे. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते, तीही बहुधा दुपार कलल्यावर. त्यासाठी दिवसाला सुमारे 16 तास उजेड लागतो. भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागात हेच अवघड होते. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशीला टेकतो. पक्षी धापा टाकतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारा चुना कमी बसतो. पक्षी खातातही कमी, त्यामुळे अंडी लहान होतात. पावसाळ्यात 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेव्हा धोका खाद्याला लागणाऱ्या बुरशीचा; तिचे विष अंड्यांची संख्या आणि कवच दोन्ही बिघडवते. मादीचे वय वाढेल तसे अंडे मोठे आणि कवच पातळ होते.

घातलेले अंडे गरम जागी राहिले तर त्यातला वायू कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि पांढरा बलक पातळ होतो. मुंबईला जाणारा माल म्हणूनच रोज गोळा करून थंड जागेत ठेवावा लागतो.