प्रतवारी आणि मोल : नांदुरा परिसरातील कापसाच्या संदर्भात

वस्तूचे मोल मनुष्य एकेकट्या वस्तूकडे पाहून शिकत नाही. ती कोणत्या गटात मोडते, यावरून शिकतो. वऱ्हाडातील कापूस-व्यापारात हे ठळकपणे दिसते.

इ.स. १८६७ पर्यंत नांदुऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. त्यानंतर या भागातील कापूस मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत 'उमरा' या नावाखाली विकला जाऊ लागला. हे नाव उमरावतीवरून, म्हणजेच अमरावतीवरून आलेले. नांदुऱ्याच्या कास्तकाराच्या मालाला भाव मिळे तो या सामायिक नावाचा.

परिणाम दूरगामी झाला. लांब धाग्याची 'बनी' मागे पडली आणि आखूड धाग्याची, परंतु अधिक उतारा व रुई देणारी 'जरी' पसरली. अधिकाऱ्यांनी यास कापसाची अवनती म्हटले. आमच्या मते कास्तकाराने बाजाराचा धडा अचूक गिरविला होता : धाग्याच्या लांबीस वेगळा दाम नव्हता, वजनास होता.

१८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने अडते व मापाऱ्यांस परवाने लावले. मात्र बाजार समितीत कास्तकारास स्थान दिले नाही. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या उणिवेवर बोट ठेवले. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत प्रत ठरविण्याचे काम व्यापाऱ्याकडून शासकीय ग्रेडरकडे गेले. संकलन केंद्रावर शेतकरी दराची चौकशी करी ती शेजारच्या गाडीला कोणती प्रत लागली, हे पाहूनच.