लैला-मजनू आणि बादशहाची वही

धानाच्या दिवसांत चिचगडहून वैनगंगेच्या काठाकडे गेल्यास बांध्यांमध्ये सारसांची जोडी दिसण्याचा योग क्वचित येतो. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडारा-चंद्रपुरात, तोही मूठभर, उरला आहे. ती जोडी पाहताना आम्हांला हटकून जहांगीर आठवतो.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतला जहांगीर मद्य आणि नूरजहानपुरता उरतो. ‘तुझुक-इ-जहांगिरी’तला वेगळा आहे. लैला-मजनू नावाची सारसांची जोडी त्याने पाळली होती. १६१८ साली गुजरातच्या मुक्कामात मादीने अंडी घातली आणि बादशहाने टिपणे ठेवली. रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर उभा राहून राखण करतो. उजाडल्यावर तो चोचीने तिची पाठ खाजवतो, मग ती उठते आणि तो बसतो. पिल्ले झाल्यावर नर त्यांना पायाला धरून उलटे उचलू लागला. तो त्यांना मारील, या भीतीने बादशहाने त्याला वेगळे ठेवले. पुढे मात्र पारख करावी म्हणून त्याला पुन्हा पिल्लांजवळ सोडले, तेव्हा ती माया असल्याचे दिसले. आपला ग्रह चुकला, हे बादशहाने स्वतःच नोंदवले आहे. हिवाळ्यात अंगावर पाणी उडवताना हत्ती कुडकुडतात हे पाहून त्यांचे पाणी कोमट करण्याचा हुकूमही त्याचाच.

तथापि याच ग्रंथात चित्त्यांचीही हकीकत आहे. अकबराने हजारभर चित्ते जमवले, त्यांची जोडी जुळावी म्हणून खटपट केली. यश आले नाही. जहांगिराच्या काळात एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तिला तीन पिल्ले झाली. बंदिवासातल्या चित्त्याच्या पिल्लांची यानंतरची खात्रीची नोंद थेट १९५६ची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाची. तोवर भारतातला चित्ता संपल्याचे १९५२ साली जाहीरही झाले होते. पट्ट्याने बांधलेल्या जनावराविषयी यापेक्षा बोलकी नोंद आमच्या वाचनात नाही. बादशहाने ती निव्वळ नवल म्हणून लिहिली. शिकारीचे चित्ते बांधलेलेच राहिले.

असो. ऑक्टोबर २०२२मध्ये ‘सीटी-१’ हा वाघ वडसा वनक्षेत्रात पकडून नागपूरच्या गोरेवाड्याला नेण्यात आला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा मिळून तेरा माणसे त्याने मारली होती. बातमी वाचून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, कारण मोहाला, तेंदूपत्त्याला, सरपणाला जंगलात जाणारी माणसे आमचीच. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये चार दिवस तोच विषय होता. तो पकडला कसा, वजन किती, पुढे त्याचे काय करणार, असे सारे प्रश्न निघाले. पहिल्या रात्री त्याने काही खाल्ले का, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही.